कॅन्यनला जाताय तर लांबची लेन्स घरी ठेवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या वाळवंटी कॅन्यनवर, म्हणजे खोल दऱ्यांवर, लेख आला होता, लेख आवडला, पण शेवटी 'जमेल तेवढी वाइड लेन्स न्या, बाकी काही लागत नाही' असं लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. (वाइड म्हणजे एका फोटोत पुष्कळ परिसर मावणारी लेन्स.) आपल्या साताऱ्यातली कितीतरी पोरं नोकरीला तिकडं आहेत, आईवडील त्यांच्याकडं जातात, हौसेनं कॅमेरा नेतात आणि असलं वाचून वजन नको म्हणून टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी लेन्स, कपाटात ठेवून जातात. परत आल्यावर फोटो बघितले की जीव हळहळतो.

साधा हिशोब करा. ग्रँड कॅन्यन साधारण १६०० मीटर खोल आणि समोरचा काठ सरासरी १६ किलोमीटर लांब. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १६ एमएम लेन्स लावली तर (एमएमचा आकडा जितका लहान तितकी लेन्स वाइड) एवढी अजस्र भिंत फोटोच्या उंचीच्या जेमतेम पंधराव्या हिश्शात बसते, म्हणजे मधे एक तांबूस पट्टी, वर सगळं आभाळ आणि खाली रेलिंगजवळचे दगड. तेच १०० एमएमनं काढा, भिंत चाळीस टक्के उंची भरते, खडकाचे थर सुटे सुटे दिसायला लागतात, एका कड्याच्या मागं दुसरा, त्याच्या मागं निळसर तिसरा. ब्राइस कॅन्यनच्या सुळक्यांना तर ७०-२०० किंवा ७०-३०० हवीच हवी.

वाइड नकोच असं नाही. हॉर्सशू बेंडला कोलोरॅडो नदी पायाखाली ३०० मीटरवर वळसा घेते, तो अख्खा वळसा २४ एमएममधे नीट मावत नाही, तिथं १४-१६ लागते, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) असला तर १०. फक्त पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) काढून ठेवा, नाहीतर आभाळ एकीकडं गडद निळं आणि दुसरीकडं फिकट येतं.

अँटलोप कॅन्यनचं गणित वेगळं. नावाहो या तिथल्या आदिवासी लोकांची जमीन, त्यांच्या गाइडशिवाय आत जाता येत नाही, ट्रायपॉड नेऊ देत नाहीत. आत अंधार आणि वरच्या फटीतून लख्ख ऊन, त्यामुळं ती फट फ्रेममधे घेतली की तेवढा भाग पांढराफटक, म्हणून आभाळ टाळून भिंतींच्या वळणांवरच कॅमेरा धरा. २४-७० एफ २.८ (जास्त उजेड आत घेणारी लेन्स) असेल तर उत्तम, आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करणारं सेटिंग) १६०० पर्यंत बिनधास्त वाढवा. आणि आत लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही! वरून पिठीसारखी बारीक वाळू सारखी गळत असते, झूमच्या रिंगमधे गेली की रिंग फिरवताना करकर लागते, सेन्सरवर बसली तर पुढच्या प्रत्येक फोटोत डाग. काचेवर पडली तर कापड लावू नका, आधी ब्लोअरनं (हवा मारायच्या रबरी फुग्यानं) उडवा.

नवीन लेन्स घ्यायच्या आधी एकदा महाबळेश्वरला जाऊन या की. केट्स पॉइंटवर सकाळी उभे राहा, समोर कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी, आधी वाइडनं काढा मग २०० एमएमनं, बेसॉल्टचे थर कुठल्या फोटोत दिसतात ते घरी मोठ्या स्क्रीनवर बघा. लेन्स भाड्यानं मिळते, एका दिवसाची घेतली तरी पुरते.

एक विनंती, पुरवणीत असे फोटो छापाल तेव्हा खाली किती एमएमनं काढला तेवढं छापत जा, नुसतं 'छायाचित्र : लेखक' वाचून आमच्यासारख्या हौशी लोकांना काही शिकायला मिळत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, शाहूपुरी, सातारा