डालगं पाठवून द्या

वडगाव, बेळगाव

ती. आई-बाबांना सा. न.

या महिन्यात तुम्हाला हजार रुपये कमी आले. बाबा, फोनवर विचारलंत तेव्हा मी "खर्च झाला" एवढंच बोलले. तो खर्च मांजरावर झाला. ते तुमच्यापासून लपवलं याची रुखरुख लागून राहिली, म्हणून लिहितेय.

खोलीमागे कापड विणायच्या मागाची शेड आहे, तिथं एक करडी भाटी, म्हणजे मांजरी, असते. कुणाची नाही, हात लावू देत नाही. मागे एका पावसात बघते तर डोळे चिपडांनी चिकटलेले, नाकातून पिवळा शेंबूड. बांगड्याचं डोकं पुढ्यात ठेवलं, तर नाक लावलं आणि तशीच बसून राहिली. आपली म्हैस आंबोणाला तोंड लावेना झाली की बाबा, तुम्ही गोठ्यातच निजायचात. तेच आठवलं. शेजारच्या काकी दुधातून पॅरासिटामॉल द्यायला निघाल्या होत्या, त्यांना अडवलं. आपल्याला चालणारी ती गोळी मांजराचा जीव घेते.

टॉवेल टाकून तिला भाजीच्या क्रेटमध्ये घातलं, वर दुसरा क्रेट सुतळीनं बांधला. एका दवाखान्यात रक्ततपासणी, सलाईन, ठेवून घेणं धरून सहा हजार सांगितले. बाहेर येऊन पायरीवर बसून रडले, आई. मग सरकारी पशुदवाखान्यात गेले. माझ्या मोडक्या कन्नडात आधीच सांगून टाकलं, दीड हजारापर्यंतच जमेल, त्यात काय होईल ते करा. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, ही मांजरांची सर्दी, विषाणूची. एकीची दुसरीला लागते, माणसाला नाही. नाक चोंदलं की वास येत नाही, वास नाही की मांजर खात नाही, आणि तीन-चार दिवस उपास पडला की लिव्हर बिघडायला लागतं. तपासण्या सोडल्या, कातडीखाली सलाईन दिलं, सर्दीवर आणखी धरलेल्या दुसऱ्या जंतूंसाठी गोळ्या दिल्या. औषधं, रिक्षा सगळं धरून अकराशे गेले.

सहा दिवस ती न्हाणीतच होती. सकाळी कढत पाण्याची बादली भरून दार लावून घ्यायचे, वाफेनं नाक सुटायचं. बांगडा उकडून, काटे काढून, कोमट असतानाच कुस्करून त्यात गोळी. तीन दिवस ताटली तशीच परत आली. चौथ्या पहाटे दाराआडून चाटल्याचा आवाज आला. खरखरीत, हळूहळू. मी अंधारात उभी राहून ताटली रिकामी होईपर्यंत ऐकत होते.

आई, एक सांगायचं राहिलं, पण घाबरू नकोस. पकडताना तिनं मनगटावर ओरबाडलं. लगेच नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतलं आणि सरकारी इस्पितळात रेबीजची लस घेतली. पहिल्या सुईनंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी जायचं असतं. शेवटची तेवढी बाकी आहे, चुकवणार नाही.

आता ती परत शेडमध्ये आहे, मला बघून पळते. पण मांजर गाभण राहिलं की दोन महिन्यांत वितं, आणि पिल्लांनाही हीच सर्दी लागायची भीती. त्याआधी तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करायचंय. त्यासाठी रोजचे वीस रुपये बाजूला टाकतेय. या वेळी टॉवेलनं सापडायची नाही. बाबा, कोंबड्यांचं जुनं डालगं माडीवर पडलंय ना? खानापूरहून येणाऱ्या कुणाकडे तरी ते द्या. डालगं काठीवर टेकवून, काठीला दोरी लावून खाली बांगडा ठेवीन, ती आत आली की दोरी ओढीन.

तुमची,
सुमी