एसावाने भेट घेतली

प्रिय बाबा आणि आई यांस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

काकांनी बंडीतून पाठवलेले तुरीचे पोते तुम्ही धुऱ्यावरूनच परत केलेत, हे आईकडून कळले. क्षमा ही नव्या करारातली गोष्ट, जुन्या करारात डोळ्याबद्दल डोळाच आहे, असे बाबांचे म्हणणे असल्याचेही ती म्हणाली. बाबा, सूड घेऊ नये, भाऊबंदांविषयी मनात अढी ठेवू नये आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही आज्ञा जुन्या करारातल्याच लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातली आहे. प्रभू येशूने ती तेथूनच उचलली.

आपल्या मंडळीत इसहाकाचा थोरला मुलगा एसाव याचे नाव निघाले की मसुरीच्या वरणापायी ज्येष्ठपणाचा हक्क विकणारा एवढेच आपण ऐकतो, कारण इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने त्याच्यावर तोच ठपका ठेवला आहे. मला हे थोडे अन्यायाचे वाटते. ज्याला बापाकडून मिळायचा आशीर्वाद याकोब या सख्ख्या धाकट्या भावाने कपटाने लाटला आणि ज्याने त्याला ठार मारण्याचा निश्चयही केला होता, तोच एसाव उत्पत्ती या पुस्तकाच्या 33व्या अध्यायात धावत पुढे येतो, भावाच्या गळ्यात पडतो, त्याचे चुंबन घेतो आणि दोघेही रडतात. याकोब मात्र मामा लाबानाकडे 20 वर्षे काढून परतताना, एसाव 400 माणसे घेऊन येत आहे हे ऐकूनच गळाठला होता. प्रभू येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप मुलाला पाहून जे करतो, ते जवळजवळ पायरीपायरीने एसावासारखेच आहे, आणि हे साम्य ख्रिस्ती भाष्यकारांच्याही नजरेतून सुटलेले नाही.

याकोबाने आधीच शेळ्या-मेंढ्या, दुभत्या उंटिणी, गाई आणि गाढवे मिळून साडेपाचशेहून अधिक जनावरे भेट म्हणून पुढे धाडली होती. एसाव प्रथम म्हणाला की मला पुष्कळ आहे, तुझे तुलाच राहू दे. पण भावाने आग्रह केल्यावर त्याने ती ठेवून घेतली. चोरलेल्या आशीर्वादाची ती एक प्रकारे परतफेड होती, असे काही अभ्यासक मानतात, आणि मला ते पटते. देणाऱ्याचे ओझे घेणाऱ्याने हात पुढे केल्याशिवाय उतरत नाही.

काकांना क्षमा केली म्हणजे पुन्हा एकत्र वावर वाहावे लागेल, या भीतीने तुम्ही अडून बसला असाल, तर तसे शास्त्रात कोठेच नाही. एसावाच्या मुलखात, सेईरला, येतो म्हणून सांगणारा याकोब प्रत्यक्षात सुक्कोथला जाऊन राहिला (शब्द पाळण्याचे त्याला फारसे वळण नव्हतेच), आणि पुढे 36व्या अध्यायात दोघांच्या गुराढोरांना एकच प्रदेश पुरेना म्हणून ते वेगळे राहिल्याची नोंद आहे. तरीही इसहाक 180 वर्षांचा होऊन वारला, तेव्हा त्याला मूठमाती द्यायला दोघेही भाऊ हजर होते.

तेव्हा धुऱ्याच्या मोजणीचा अर्ज दिला आहे तो राहू द्या. जी हद्द निघेल ती दोघांनीही मानावी. पोते मात्र काकांनी पुन्हा पाठवले तर उतरवून घ्या, आणि आई, बंडी हाकणाऱ्याला चहा दिल्याशिवाय परत धाडू नकोस.

तुमची लेक