वैद्यबाई, तुम्ही पंखा थांबवलात

वैद्यबाई, नमस्कार. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण फोंड्याला तुमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका हे वाचून ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

मे महिन्यात आले होते मी. आठवत नसेल, कारण रोज माझ्यासारख्या किती येत असतील. हातात कापडी पिशवी, पिशवीत बाटल्या, डब्या, चूर्णं असं सगळं होतं. तुम्ही "बस गो बाय" म्हणालात आणि मी सांगायला सुरुवात केली, की पाळी कधी वीस दिवसांनी येते कधी अडीच महिन्यांनी, आली की धो धो, रात्री दोनला जाग येते ती घामाने निथळतच, आणि शाळेत दुसरीच्या वर्गात फळ्यावर बेरजा लिहिताना अचानक तोंड लालबुंद होऊन कानशिलावरून घाम गळायला लागतो आणि मुलं विचारतात बाई तुम्ही रडता कशाला. आणि हे सांगतानाच मला ती लाट आली. छातीतून वर, मानेतून, डोक्यापर्यंत. बोलणंच थांबलं माझं.

तुमच्या टेबलावर तो जुना फिरणारा पंखा होता. एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे. तुम्ही काहीच बोलला नाहीत. हात लांब करून त्याची मागची खुंटी वर ओढलीत, पंखा माझ्याकडे तोंड करून थांबला, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात, मी पदराने तोंड पुसेपर्यंत. "काय झालं" नाही, "पाणी पिता का" नाही. मग परत माझ्याकडे वळून म्हणालात, हां, दुसरीच्या मुलांचं सांगत होतीस. नंतरचा अर्धा पाऊण तास पंखा माझ्याकडेच होता. मे महिना, फोंडा, वर पत्रे. तुमच्या ब्लाउजची पाठ भिजलेली मी उठताना पाहिली. तुम्ही ती खुंटी परत दाबली नव्हती.

घरी जाताना कदंबाच्या बसमध्ये मी रडले. शेजारच्या बाईने विचारलं कोण गेलं का.

कारण त्याआधी दीड वर्ष मी कुठे कुठे गेले होते ते मलाच माहीत. एका ठिकाणी नंबर लावून दोन तास बसले आणि आत तीन मिनिटं, त्यातलं एक मिनिट डॉक्टर मोबाईलवर. "वय झालं की होतंच असं", आणि झोपेची गोळी. सत्तेचाळीस म्हणजे काय म्हातारपण हो? दुसऱ्या ठिकाणी लेडीज टॉनिकची अठराशेची बाटली गळ्यात मारली, तीन महिन्यांचा कोर्स म्हणे. घरचे म्हणाले एसी लावू. शेजारीण म्हणाली देवाचं काही राहिलं असेल. आणि गणेश चवथीला तर दरवर्षीची धडपड, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायच्या, पण येणार कधी तेच कळत नाही तर ढकलणार काय? गेल्या वर्षी गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधताना मी ओटीवर लांब बसून "ती कांगलां थोडी वर बांधा" एवढंच सांगत होते.

तुम्ही पिशवी टेबलावर ओतलीत आणि तीन ढीग केलेत. नणंदेने इंग्लंडमधल्या स्विंडनहून पाठवलेली ब्लॅक कोहोशची कॅप्सूलं बाजूला काढलीत. अमेरिकेतली वनस्पती, काही बायकांना थोडा गुण येतो काहींना शून्य, आणि क्वचित लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा नुसती लेबल बघून गिळू नकोस म्हणालात. अश्वगंधा उचललीत आणि पहिला प्रश्न, थायरॉइडची गोळी चालू आहे का? आहे. मग हे बंद, अश्वगंधेने थायरॉइडचं प्रमाण वर जाऊ शकतं, गोळीत घोळ होतो. ज्येष्ठमधाचा चहा मी पित होते दोन वेळा, "चांगला असतो" म्हणून, त्यावर तुम्ही बीपीची गोळी विचारलीत. तीही आहे. ज्येष्ठमध जास्त झाला तर बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, हे मला इतक्या वर्षांत कोणी बोललं नव्हतं. अठराशेच्या बाटलीवर काय काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं, ती तुम्ही दोन बोटांनी धरून कडेला ठेवलीत, मला हसूच आलं.

शतावरी राहिली. मला वाटलं आता तरी म्हणाल की हीच घे, सगळं बरं होईल. तुम्ही म्हणालात घ्यायची तर दुधातून घे, पिढ्यानपिढ्या घेतात, पण घाम थांबेल असं मी लिहून देणार नाही. स्वतः आयुर्वेदवाल्या असून! मी निर्गुडीचंही विचारलं, मुलीने नेटवर वाचलं होतं की चेस्टबेरी पाळीआधीच्या त्रासाला चालते आणि ती म्हणजे आपली निर्गुडीच. तुम्ही सांगितलंत दोघी एकाच कुळातल्या चुलत बहिणी, अभ्यास झालाय तो भूमध्य समुद्राकडच्या बहिणीच्या फळांवर, आपल्या कुंपणावरच्या निर्गुडीचा पाला सुजल्या गुडघ्याला शेकायला ठेव, पोटात नको.

आणि धो धो जाण्याबद्दल मात्र आवाज बदलला तुमचा. हे झाडपाल्याचं काम नाही, उद्याच्या उद्या गायनॅककडे जा, सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. म्हणजे मी जो थकवा वयाच्या खात्यात टाकत होते त्यातला निम्मा रक्ताचा होता. बाकीच्या तपासण्यांचं पुराण इथे नको. हॉर्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं तर मी घाबरले होते, तेही तुम्हीच समजावलंत, की २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने जगभर धसका बसला, पण नंतर कळलं की साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बाईचा हिशोब वेगळा असतो, तो डॉक्टरला तुझं बीपी आणि घरातला कॅन्सरचा इतिहास बघून करू दे. कोण सांगतं हो एवढं, दुसऱ्याच्या शास्त्राबद्दल?

लाट का येते तेही मला पहिल्यांदा कळलं. मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारा भाग असतो, इस्ट्रोजेन खालीवर व्हायला लागलं की तो हळवा होतो, जराशा उष्म्याला वणवा समजून घाम सोडतो. आणि बारा महिने सलग पाळी आली नाही तरच ती गेली म्हणायची, तोपर्यंतची ही काही वर्षं म्हणजे नुसता उंबरठा, आणि आपल्याकडच्या बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस सत्तेचाळीसच्या आसपासच जाते. म्हणजे मी वेळेवरच होते. वेडी नव्हते.

आता कॅलेंडरचं. तुम्ही म्हणालात स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दोन पेनं बांध, निळं तुझं, लाल मुलीचं, दोन महिने, चिडचिड झाली त्या दिवशी फक्त टिंब द्या. मुलगी एकोणीसची, म्हापशाला कॉलेजात, आणि आमची भांडणं म्हणजे शेजारी टीव्हीचा आवाज कमी करून ऐकायचे. दोन महिन्यांनी बघितलं तर लाल टिंबं पाळीच्या आधीच्या पाच सहा दिवसांत ओळीने बसलेली आणि पाळी सुरू झाली की दुसऱ्या दिवशी गायब. माझी निळी मोहरी सांडल्यासारखी, महिनाभर कुठेही. तिचं पीएमएस, म्हणजे पाळीआधीचा त्रास, माझा उंबरठा, आणि आम्ही दोघी एकमेकींचा स्वभाव काढत बसलो होतो. ती आता स्वतःच सांगते, आई लाल आठवडा आहे, भेंडी मी चिरणार नाही. मीही सांगते, बरं. (भेंडी ती एरवीही चिरत नाही, ती वेगळी गोष्ट.)

लोह चालू आहे, गायनॅकच्या गोळ्या चालू आहेत, रात्रीची जाग आठवड्यातून दोनदावर आली. लाटा अजून येतात. परवा स्टाफरूममध्ये आली आणि मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले, थांबा, मला लाट आलीय. दोघी म्हणाल्या आम्हालाही येतात. सहा वर्षं एकाच टेबलावर डबा खातो आम्ही!

चांगुलपणाला डिग्री लागत नाही असं लिहिणार होते, पण तुमच्याकडे डिग्रीही आहे आणि ती भिंतीवर एवढी वर टांगलीय की वाचताच येत नाही. ज्यांच्या समोरच लटकत होत्या त्यांनी मला तीन मिनिटं दिली.

चवथीच्या आधी एक शुक्रवार बघून येते. कुळागरातली केळी आणते, नको म्हणू नका. आणि त्या पंख्याला जरा तेल घाला, फार कुरकुरतो.