बसलेल्या गाडीला जाड स्प्रिंग: सल्ला दुरुस्त करावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांसाठी लेख होता. लेख आवडला, कात्रण काढून ठेवलं आहे. पण त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना: पुढून बसलेली, म्हणजे पुढची बाजू खाली आलेली, गाडी उचलायची तर जाड तारेच्या स्प्रिंगा टाकाव्यात. हाच सल्ला ऐकून मी नऊ वर्षांपूर्वी फसलो, म्हणून लिहितो आहे.

आमची गाडी १९६७ ची स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासला बनलेली, ९४८ सीसी. वडिलांची. हिचं बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटतं, त्यामुळे टायरवर बसून पुढच्या सस्पेंशनचं काम करता येतं. वडील पुष्कळदा एकटेच चालवायचे. पन्नास वर्षांत उजवी बाजू डावीपेक्षा १४ मिमी खाली गेली. एका गॅरेजमध्ये दाखवली. "स्प्रिंगा मऊ पडल्यात साहेब, कडक टाकू," म्हणाले आणि टाकल्याही.

गाडी दीड इंच वर आली. नाक वर करून उभी राहिली. बाजीराव रस्त्यावर साधं गटाराचं झाकण आलं तरी स्टिअरिंग हातात उडायचं, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जायचा, आणि एका पावसाळ्यात पुढचे टायर एका कडेने खाल्ले गेले. आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. जन्मभर पुढच्या सीटवर बसलेली बाई, पण पर्वतीपर्यंतसुद्धा "रिक्षाने जाऊ" म्हणू लागली. ते मला फार लागलं.

मी एकतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात काढली. जे आधी करायला हवं होतं ते मग केलं. माळ्यावर टाकलेल्या जुन्या स्प्रिंगा घेऊन भोसरीला एका स्प्रिंगवाल्याकडे गेलो आणि त्या प्रेसवर दाबून घेतल्या. दर १० मिमी दाबल्यावर किती वजन लागतं ते वहीत लिहीत गेलो. डावी: २७ किलो. उजवी: २७ किलो. पुन्हा दाबल्या, तोच आकडा. फरक एकाच गोष्टीत होता, मोकळी उंची, म्हणजे वजन नसतानाची लांबी. उजवी ८ मिमी आखूड.

या पत्रातला मुख्य मुद्दा तो हाच. बसलेली स्प्रिंग मऊ होत नाही, आखूड होते. तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि चालू (म्हणजे प्रत्यक्ष दबणाऱ्या) वेढ्यांची संख्या यांवर कडकपणा ठरतो, आणि यातलं बसल्याने फारसं काहीच बदलत नाही. तार जाड केली की कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिमीऐवजी १२.५ मिमी तार घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी स्प्रिंग सुमारे १८ टक्के कडक होते. अर्ध्या मिलिमीटरचा हा खेळ आहे. दुकानात बोटाने चाचपून तो कळत नाही.

८ मिमी आखूड असताना गाडी १४ मिमी खाली कशी, हे मलाही आधी कोडं होतं. स्प्रिंग चाकावर बसत नाही, खालच्या विशबोनवर, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या हलत्या दांड्यावर, चाकापासून आत बसते. त्यामुळे स्प्रिंगेतला फरक चाकाशी मोठा होऊन दिसतो. उंची किती हवी ते चाकाशी मोजून तेवढीच स्प्रिंग लांब करायला सांगितलीत, तर गाडी नक्की जास्त वर येणार.

उंची मोजावी ती चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत, म्हणजे टायरच्या हवेचा घोळ राहत नाही. फरशी सपाट आहे का ते पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तपासून घ्यावं (आमच्या सोसायटीच्या पार्किंगला २० मिमी उतार निघाला!), आणि गाडी आधी चार पावलं ढकलून, दाबून-सोडून स्थिर होऊ द्यावी.

स्प्रिंगेला दोष देण्याआधी विशबोनचे रबरी बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या) बघा. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले की रबर त्याच स्थितीत पकडलं जातं; गाडी खाली आली की ते पिळतं, गाडीला वर धरून ठेवतं आणि लवकर फाटतं. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी करून बोल्ट सैल करून पुन्हा आवळले, तर नाक ९ मिमी खाली आलं. स्प्रिंगेला हातही न लावता. मागेही वाकून बघावं. हेराल्डला मागे एकच आडवी पाट्यांची स्प्रिंग असते. ती बसली की मागची चाकं वरच्या बाजूने आत कलतात आणि पुढची बाजू उगाच उचललेली वाटते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून मात्र उंची वाढत नाही, तिथे पैसे घालवू नका.

उलट गाडी खाली बसवायला काही तरुण मंडळी गॅसने वेढा कापतात. त्या आचेने तारेचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कणखरपणा, उतरतं. शिवाय आठ चालू वेढ्यांतला एक गेला की उरलेली स्प्रिंग कडकच होते, आणि कापलेलं टोक बैठकीत सपाट बसत नाही. कृपया हे करू नका. स्प्रिंग काढताना ती दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसरच वापरा, दोऱ्या-तारा बांधून नव्हे. सुटली तर हात जायबंदी होईल.

शेवटी मी भोसरीला नवी जोडी करून घेतली. कडकपणा मूळचाच, २७ किलो. ऑर्डर देताना मोकळ्या उंचीवर भर दिला नाही. गाडीत बसवून वर गाडीचं वजन आल्यावर स्प्रिंग किती लांबीची असेल आणि त्या लांबीला किती वजन पेलेल, ते लिहून दिलं. दोन्ही नग प्रेसवर माझ्यासमोर तपासले. बसवल्यावर अलाइनमेंट केलं. आता दोन्ही बाजूंत ३ मिमी फरक आहे, आणि आई पुन्हा पुढे बसते.

पुढच्या रविवारी तेवढं एक वाक्य दुरुस्त करून छापावं, ही विनंती. माझ्या वहीतली सगळी मापं कुणाही हेराल्डवाल्याला द्यायला मी तयार आहे. पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिलेला आहे.

आपला,
एक निवृत्त टूलरूम सुपरवायझर
सदाशिव पेठ, पुणे