बाबा, शनिवारी कानाची तपासणी आहे

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र आईला वाचून दाखवायला सांगू नका, स्वतः वाचा. हल्ली फोनवर तुम्ही ‘बरं बरं, आईकडे देतो’ म्हणता आणि आपलं बोलणं तिथेच संपतं. मग आई तुमचं मला सांगते आणि माझं तुम्हाला. मला तुमच्याशी थेट बोलायचं आहे.

सांगूनच टाकते. येत्या शनिवारी सकाळी अकराला नागपूरला धंतोलीत कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पैसेही भरले आहेत. शुक्रवारी रात्री मी गाडीत बसते. तुम्हाला न विचारता ठरवलं म्हणून राग येईल, येऊ द्या. विचारलं असतं तर तुम्ही ‘उन्हाळा जाऊ दे’ म्हणाला असता, मग पोळा, मग दिवाळी. आणि एकदा कूलर सुरू झाला की त्या घरघरीत तुम्हाला काहीच ऐकू येत नाही. मे महिनाभर तुम्ही खोलीत एकटेच बसून असता, हे मला माहीत आहे.

‘वय झालं, होणारच’ असं तुम्ही म्हणता. पण बाबा, हे एकट्या वयाचं काम नाही. तुम्ही मागावर काम केलंत. माग चालू असलेल्या खात्यात आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. 85 च्या वर रोज आठ-आठ तास, तेही वर्षानुवर्षं काढले की कानाच्या आतल्या बारीक पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या पेशी आधी जातात. म्हणून कुणीतरी बोलतंय हे तुम्हाला कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. स, श, फ, थ गळतात. बायकांचे आणि लहान पोरांचे आवाज सगळ्यात आधी पुसट होतात. ताण्याचे धागे तुटलेले असताना माग तसाच चालवला तर कापडात फट राहते ना, तसं आहे हे. ती फट तुमचा मेंदू दिवसभर अंदाजाने भरत बसतो. लग्नाकार्यातून आलात की तुम्ही एवढे दमता ते त्यामुळेच.

मागच्या वेळी चिनू तुम्हाला सशाची गोष्ट सांगत होती. ससा हरवला, तिथे तुम्ही मोठ्याने हसलात. ती गप्प झाली आणि रात्री मला म्हणाली, ‘आजोबांना माझी गोष्ट आवडली नाही.’ तुमचा यात काहीच दोष नाही, हे तिला मी समजावलं. पण तुम्हालाही कळावं म्हणून लिहिते आहे.

आता नव्या अभ्यासांचं थोडं, कारण तुम्हाला पुरावा लागतो. 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या 14 गोष्टी मांडल्या. त्या सगळ्या आटोक्यात आणल्या तर जगातले 45 टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत कमी ऐकू येणं आहे, शुगर आहे, बीपी आहे, एकटेपणाही आहे. त्याआधी 2023 मध्ये अमेरिकेतल्या 70 ते 84 वयाच्या 977 जणांवरची चाचणी आली. निम्म्यांना कानाचं मशीन दिलं, निम्म्यांना नुसतं आरोग्याचं मार्गदर्शन, आणि तीन वर्षं पाहिलं. सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही, हे मी लपवत नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्यात मशीनवाल्यांची बुद्धीची घसरण 48 टक्क्यांनी कमी झाली. तुम्ही 74 चे आहात, शुगर आहे, बीपी आहे. म्हणजे कोणत्या गटात बसता ते तुम्हीच बघा. ऐकू कमी आलं की विसरायला होतंच असं मुळीच नाही, घाबरू नका. पण अण्णाकाकांचं शेवटी काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

तपासणीत काही दुखत नाही. आधी डॉक्टर कानात मळ आहे का बघतील. मग आवाज न येणाऱ्या छोट्या खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. मशीन लागलंच तर ते त्या तपासणीच्या आलेखाप्रमाणे बसवून घ्यायचं. तुमच्या मित्रांनी टीव्हीवर बघून मागवलेलं मशीन कपाटात पडून आहे ते याचसाठी. ते सगळाच आवाज सरसकट वाढवतं. सुरुवातीचे काही आठवडे भांड्यांचा, पेपरच्या पानांचा, स्वतःच्या चावण्याचासुद्धा आवाज टोचेल. म्हणून आधी घरात, शांत वेळी, दोन-तीन तास. मग हळूहळू वाढवायचं. आंघोळीला काढायचं, घाम आला की पुसायचं, रात्री कोरड्या डबीत ठेवायचं. पैशाचा विषय काढायचा नाही.

आणि कानात कोमट तेल घालणं आजपासून बंद. काडी, हेअरपिन, कापसाची बड, काहीही नको. एखाद्या दिवशी एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यात उशीर केला तर ऐकणं परत येणं कठीण होतं.

आई, तू दिवसभर ओरडून बोलतेस आणि संध्याकाळी तुझा घसा बसतो, तेही मी ऐकते. आता ओरडू नकोस. समोर उभी राहा, तोंड दिसू दे, हळू आणि स्पष्ट बोल. स्वयंपाकघरातून हाका मारायच्या नाहीत.

बाबा, तुम्ही रात्रपाळी करून यायचात आणि रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून महालातून फुटाळा तलावावर न्यायचात. मी वाटभर बडबडत असे. तुम्ही डोळे चोळत ऐकायचात, आणि ‘मग पुढे?’ म्हणायचात. ते तुम्ही अजूनही म्हणावं, एवढंच मला हवं आहे.

आई, शुगरचे जुने रिपोर्ट आणि बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत काढून ठेव, डॉक्टर विचारतील. या तपासणीला उपाशी जावं लागत नाही, तेव्हा पोहे खाऊनच निघू. बाबांना तर्री कमी.

तुमची,
मनी