मंत्रिमहोदय, बैठक झाल्यावर आमंत्रण पाठवू नका

माननीय केंद्रीय श्रममंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा साच्यात दाबणाऱ्या मशीनवर, काम करतो. सोमवारी दुपारी पोस्टमनने घरी एक सरकारी पाकीट दिलं. नव्या श्रमसंहितांवर मालक, कामगार आणि शासन अशी त्रिपक्षीय बैठक ठेवली आहे, आपण कामगार प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहावे, असा मजकूर. बैठकीची तारीख बघितली तर आदल्या गुरुवारची. शुक्रवारच्या पेपरात फोटोही छापून आला होता, खाली ‘सर्व घटकांशी सविस्तर चर्चा’ असं लिहून. पहिल्या रांगेत मालक मंडळी, मागे एचआरवाले आणि सल्लागार. कामगार म्हणून दोघं बसलेत. त्यातल्या एकाला मी ओळखतो. तो कंपनीने नेमलेल्या वेल्फेअर कमिटीतला. माणूस भला आहे, पण त्याला आम्ही निवडलेलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही अकरा जण सरकारी कार्यालयात निवेदन घेऊन गेलो होतो. साहेबांनी चहा दिला, बसवून ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुम्हाला विचारल्याशिवाय एक अक्षर वर जाणार नाही.” त्या शब्दावर आम्ही परत आलो. आपल्यापर्यंत गुरुवारच्या बैठकीचा अहवाल आला असेल, तर त्यात अंबड-सातपूरच्या कामगाराचं म्हणणं नाही, एवढं कळवण्यासाठी हे पत्र.

विचारणं म्हणजे काय, हे मी माझ्या हातावरून सांगतो.

आमच्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खाली येतो. म्हणजे हात डायमध्ये, खालच्या साच्यात, राहूच शकत नाही. ही सोय माणसासाठी केलेली. पण त्याने पीस कमी निघतात. म्हणून उजवं बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं होतं. मी पहिल्या दिवशी ती पट्टी बघितली. कडा काळ्या पडल्या होत्या, म्हणजे माझ्या आधी कितीतरी जणांनी तसंच काम केलं असणार. मी सुपरवायझरला म्हटलं, साहेब, ही काढा. तो म्हणाला, टार्गेट काढून दाखव, मग काढू. तिसऱ्या आठवड्यात, नाइट शिफ्टला, पहाटे चारच्या सुमाराला पत्रा डायमध्ये तिरका बसला. सरळ करायला उजवा हात आत गेला आणि तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. दुखलं नाही आधी. हातमोजा एकदम ओला आणि जड लागला, एवढंच आठवतं.

ठेकेदाराने दवाखान्यात कानात सांगितलं, घरी पडलो म्हण. ईएसआय म्हणजे कामगार विमा योजनेत माझं नाव अपघातानंतर तिसऱ्या दिवशी घातलं. चौकशी झाली, मॅनेजरला विचारलं, सुपरवायझरला विचारलं, ठेकेदाराची सही घेतली. मला कोणी विचारलं नाही. मी परत कामावर गेलो तोवर प्रेसवरची पट्टी निघाली होती आणि जागा थिनरने पुसलेली होती. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या अनुसूचीत एका हाताच्या दोन बोटांचं मोल २० टक्के लिहिलेलं आहे. माझी मुलगी लहान आहे, तिच्या शर्टाची बटणं मला लावता येत नाहीत. ते किती टक्के धरायचं? हे पत्र मी डाव्या हाताने मोबाईलवर टाईप करतोय, तीन रात्री लागल्या.

आता मोठ्या गोष्टीकडे येतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १४४ क्रमांकाचा करार १९७६ चा. आपल्या देशाने त्याला १९७८ मध्ये मान्यता दिली. त्यात सरकारने कबूल केलं आहे की संघटनेच्या जिनिव्हातल्या परिषदेत येणाऱ्या नव्या करारांवर काय उत्तर द्यायचं, ते संसदेपुढे कसे ठेवायचे, मान्य न केलेले करार पुन्हा कधी तपासायचे, मान्य केलेल्यांचा अहवाल काय पाठवायचा, हे सगळं मालक आणि कामगारांच्या प्रतिनिधींना विचारून ठरेल. दोघांना समान जागा. प्रतिनिधी त्यांच्या त्यांच्या संघटनांनी मोकळेपणाने निवडलेले. आणि हे किमान वर्षातून एकदा. यातलं एकही वाक्य अवघड नाही, दहावी नापास माणसालाही समजतं. मी दहावी नापास आहे.

देशातली सगळ्यात मोठी त्रिपक्षीय बैठक म्हणजे भारतीय श्रम परिषद. तिची सुरुवात १९४२ ची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हाची. युद्ध पेटलेलं होतं, राज्य इंग्रजांचं होतं, तरी मालक आणि मजूर एका टेबलावर बसवले गेले. ५४ तासांचा आठवडा ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, तिच्यामागेही बाबासाहेबच. शेवटची, ४६ वी परिषद जुलै २०१५ मध्ये झाली. खुद्द पंतप्रधानांनी उद्घाटन केलं होतं. त्यानंतर ती भरवावी म्हणून भारतीय मजदूर संघासकट कामगार संघटना मागणी करत आल्या. दहा वर्षं उलटली. मधल्या काळात २९ कायदे गुंडाळून चार संहिता आल्या. त्यातल्या तीन २२ सप्टेंबर २०२० ला लोकसभेत आणि २३ ला राज्यसभेत मंजूर झाल्या, विरोधी बाकं रिकामी असताना. पुढच्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या नियामक मंडळाचं अध्यक्षपद ३५ वर्षांनी भारताकडे आलं. जिनिव्हात खुर्ची आणि दिल्लीत कुलूप, हे मला पटत नाही, साहेब. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाल्या.

त्याच वर्षी सप्टेंबरात आमच्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची पाळी ९ वरून १२ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली, तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तासांवर. कामगाराची लेखी संमती घेऊ म्हणतात. ठेकेदाराकडे कामाला लागताना आम्ही कोऱ्या कागदावर सही करतो, तिथे संमती कोण नाकारणार? रात्री चार वाजता, आठव्या तासाला, माझी बोटं गेली. बाराव्या तासाला काय होतं, हे प्रेसवर उभं राहिलेल्या एकाला तरी विचारून ठरवलं का?

संघटना बांधायच्या हक्काचा ८७ क्रमांकाचा करार १९४८ चा, सामूहिक वाटाघाटीचा ९८ वा १९४९ चा. दोन्हींना अजून आपली मान्यता नाही. सरकारी नोकरांच्या नियमांशी ते जुळत नाहीत, हे कारण दरवेळी पुढे येतं. मी सरकारी नोकर नाही. माझ्या हक्कासाठी ते कारण का लागू व्हावं?

१९१९ मध्ये याच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वॉशिंग्टनमधल्या पहिल्या परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. मराठी माणूस. गुलाम देशाचा मजूर शंभर वर्षांपूर्वी वॉशिंग्टनच्या टेबलावर पोचला आणि आम्हाला अंबडहून गावातल्या सभागृहापर्यंत पोचता आलं नाही. आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवणारं दार नाशिकने १९३० मध्ये काळारामाच्या पायऱ्यांवर पाहिलेलं आहे. इथल्या लोकांना ते दार लगेच ओळखू येतं.

मी यात एका साहेबावर राग काढत नाही. त्यांच्यावर कोणीतरी, त्याच्यावर आणखी कोणी. कारखान्याची तपासणी करणारा सरकारी निरीक्षक नव्या संहितांत मालकाला सल्ला देणारा ‘सुविधाकार’ही झाला. कारखान्यात कायम कामगार दहा आणि ठेक्याचे चाळीस, मग प्रतिनिधी कोणाचा? निर्णय वर होतात, फोटो खाली निघतात, अहवाल पुन्हा वर जातात. या सगळ्या फेरीत मशीनजवळ उभा असलेला माणूस कुठेच लागत नाही, ही माझी तक्रार आहे. तुम्ही हे बदलू शकता, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

भारतीय श्रम परिषदेची तारीख जाहीर करा. नाशिकची गुरुवारची बैठक झालीच नाही असं धरा आणि पुन्हा घ्या, ठेक्याच्या कामगारांनी निवडून दिलेल्या माणसांसह. पत्र पंधरा दिवस आधी पाठवा, विषयपत्रिका आणि संहितेच्या नियमांचा मराठी मसुदा सोबत जोडून. वाचायला वेळ लागतो, पाळी सुटल्यावरच वाचता येतं. त्या दिवसाचा रोज बुडाला तरी चालेल. मी येईन, आणि ती चिकटपट्टी कुठल्या बटणावर होती हे उभं राहून सांगेन.

आपला,
एक प्रेस ऑपरेटर
अंबड, नाशिक