मंगे, चालत्या ट्रकात झोपायचं कसं

प्रिय मंगे,

परवा फोनवर तू नेमकं विचारलंस आणि तेवढ्यात रेंज गेली, इथे अमेरिकेत वायोमिंगात हे असंच होतं, मैलोनमैल टॉवर नाही. आज आमचा रिसेट आहे, म्हणजे सलग ३४ तास सुट्टी घेतली की आठवड्याचे कामाचे तास परत शून्यापासून मोजतात. हे कपड्यांच्या बॅगा घेऊन लाँड्रीत जाऊन बसलेत आणि मी ट्रकात पाय पसरून तुला लिहितेय. तुझी लेक आणि जावई कॅनडात ब्रॅम्पटनला दोघं मिळून ट्रक चालवायचं म्हणतायत आणि तू विचारतेस हो म्हणू का नको म्हणू, तर आमचं काय झालं ते सगळं सांगते, मग बघ.

आमचं कसं सुरू झालं ते तुला अर्धवट माहितीय. ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, वय पन्नाशीला टेकलेलं, इंटरव्ह्यू घ्यायला समोर पंचविशीतली पोरं, आणि मी दुकानात काउंटरवर दिवसभर उभी राहून टाचा दुखवून घेत होते. मुलगा कॉलेजच्या हॉस्टेलवर गेला आणि न्यू जर्सीत एडिसनच्या रिकाम्या घराचं भाडं देताना जीव वर यायचा. ह्यांच्या ओळखीचे एक पंजाबी पाजी आहेत, त्यांनी डोक्यात घातलं की एकटा चालवशील तर बायकोचं तोंड महिन्यातून दोनदा दिसेल, दोघं शिका. मला वाटलं चेष्टा करतायत, मी तोवर कोरोला चालवलेली, तीसुद्धा पार्किंगची जागा ऐसपैस असेल तर. मंडळाच्या गणपतीत कळलं तेव्हा लोक तोंडावर 'अरे वा, ॲडव्हेंचर' म्हणाले, मागे काय बोलले तेही मला बरोबर पोचलं. सासूबाईंनी मात्र साताऱ्याहून एवढंच विचारलं, अगं बाथरूमचं काय करता? सगळ्यात शहाणा प्रश्न तोच. तर सांगते, ट्रकस्टॉपवर डिझेल भरलं की शॉवर फुकट मिळतो, नंबर लागला की स्क्रीनवर येतं, टॉवेल तेच देतात, आणि खोटं कशाला बोलू, आमच्या एडिसनच्या बाथरूमपेक्षा स्वच्छ असतं.

शिकायचं म्हणशील तर इथे फेब्रुवारी २०२२ पासून क्लास ए, म्हणजे असा मोठा ट्रक चालवायच्या लायसन्ससाठी रजिस्टर केलेल्या शाळेतूनच ट्रेनिंग घ्यावं लागतं. त्याच्याआधी मेडिकल, बीपी १४०/९० च्या आत असेल तरच दोन वर्षांचं कार्ड मिळतं, म्हणून ह्यांचं लोणचं-पापड मी कुलपात ठेवलं होतं. परीक्षेत एअर ब्रेकची टेस्ट असते, इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरायचा, मिनिटभरात ४ पीएसआयपेक्षा (हवेच्या दाबाचं माप) जास्त हवा उतरता कामा नये, मग ब्रेक पंप करत हवा उतरवायची, ६० च्या आसपास वॉर्निंग वाजायला हवी, आणि पुढे २० ते ४५ च्या मध्ये कुठेतरी ब्रेकची दोन्ही बटणं फटकन बाहेर यायला हवीत. हे सगळं एक्झामिनरसमोर तोंडाने म्हणत म्हणत करायचं! मी भांडी घासताना पाढ्यांसारखं म्हणायचे. लायसन्स मिळालं तरी लगेच दोघांना एका ट्रकात बसवत नाहीत हां, काही आठवडे कंपनीच्या ट्रेनरबरोबर, हे वेगळ्या ट्रकात मी वेगळ्या, आणि बाई ट्रेनर मोकळी होईपर्यंत मी घरी बसून होते.

आता दोघांचा फायदा काय तो ऐक. इथे एका ड्रायव्हरला ११ तासच गाडी चालवता येते, तेही कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत, मग १० तास सक्तीची विश्रांती, आणि हे सगळं ट्रकातल्या टॅबलेटवर आपोआप नोंदलं जातं, वहीत खाडाखोड करायचे दिवस गेले. म्हणजे एकट्याचा ट्रक अर्धा दिवस नुसता उभा. दोघं असले की एकाची विश्रांती चालत्या ट्रकात होते आणि ट्रक थांबतो तो डिझेल, जेवण आणि बाथरूमपुरता. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सी साधारण २८०० मैल, एकट्याला पाच दिवस धर, टीमला, म्हणजे दोघांना, अडीच-तीन. म्हणून घाईचा माल टीमला देतात. पैसे मैलावर, दोघांत वाटून, पण वाटून जातात कुठे तर एकाच घरात, त्यामुळे नवराबायकोला हे परवडतं, दोन परक्या माणसांना तेवढं नाही. वर आम्ही घर सोडलं, सामान स्टोरेजमध्ये टाकलं, भाडं वाचलं. पण गोडाऊनच्या दारात माल उतरवायला चार-चार तास ताटकळलो तर त्याचे पैसे मिळतातच असं नाही, हेही तुझ्या जावयाला सांग, हिशोब करताना लोक हे धरत नाहीत.

आणि मंगे, ह्या कामातली अवघड गोष्ट झोप आहे. ५३ फुटी ट्रेलर, भरला की सगळं मिळून ८०,००० पौंड, म्हणजे ३६ टन, आणि तू मागच्या बर्थवर पट्टा लावून आडवी, पडदा ओढलेला, पुढे काय चाललंय काही दिसत नाही. नुसते आवाज. उतारावर इंजिन ब्रेक घुर्रकन लागतो, पुलाच्या जोडावर अख्खा बर्थ उडतो, आणि रस्त्याच्या कडेला ज्या खाचा पाडलेल्या असतात ना, त्यावरून चाक गेलं की जो भर्रर्र आवाज येतो त्याने मी सुरुवातीला दर वेळी ताडकन उठून पडद्यातून डोकं बाहेर काढायचे, काय झालं हो, झोप आली का? हे चिडायचे. बरोबरच आहे, पण मी तरी काय करू, वीस वर्षं ह्यांच्या शेजारी गाडीत बसून ब्रेक मी दाबलेत, पायाखाली नसलेला. झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी माझ्या चालवायच्या पाळीला डोळे जड, आणि तिथे खरा धोका. पाजींना फोन केला तर ते म्हणाले, भाभी, नवऱ्याला नियम घालून द्या, पेंगलं की ताबडतोब थांबायचं, कितीही उशीर होऊ दे, कंपनीचा फोन आला तरी. तो नियम आम्ही दोघांनी घेतला आणि ह्यांनी एकदा खरंच मध्यरात्री आयोवात गाडी बाजूला घेतली, मला उठवलं नाही, खुर्चीतच डुलकी काढली. सकाळी कळलं तेव्हापासून मी घोरते म्हणे.

पाळ्या आता आमच्या अशा, दुपारी बारा ते रात्री बारा ह्यांची, रात्री बारा ते दुपारी बारा माझी. रात्र मीच मागून घेतली, ट्रॅफिक नसतं. वायोमिंगात I-८० हायवेवर शायएन ते लॅरमीच्या मध्ये रस्ता ८६४० फुटांवर चढतो, आपली कळसूबाई ५४०० फूट हे लक्षात घे, आणि तिथून पुढे वारा असा की रिकामे ट्रेलर आडवे होतात, कधी कधी रस्ताच बंद करतात. अशा वेळी मी मुकाट्याने थांबते. शूरपणा दाखवायला ट्रक आपला नाही आणि नवरा मागे झोपलाय.

भांडणं? होतात की. सगळी रिव्हर्स घेताना. मागे उभं राहून सांगणाऱ्याने नेहमी आरशात दिसेल असंच उभं राहायचं, आरशातून गायब झालीस की ड्रायव्हरने थांबायचं, हा धडा शाळेत दिला होता, पण हे खिडकी बंद करून हीटरच्या उबेत बसणार आणि मी बाहेर बर्फात 'अहो थांबा, अहो थांबा' करून ओरडणार, आणि आजूबाजूचे चार ड्रायव्हर कॉफी घेऊन फुकटचा तमाशा बघणार. आता फोन स्पीकरवर ठेवतो आणि 'थांबा' म्हटलं की आधी थांबायचं, का ते नंतर विचारायचं. एवढं ठरल्यावर ऐंशी टक्के भांडणं गेली.

एक गंमत सांगते. चोवीस तास एकाच डब्यात असूनही आम्ही दोघं एकावेळी जागे फार थोडे असतो, एक चालवतो तेव्हा दुसरा झोपतो. पण नियमात अशी सोय आहे की सलग सात तास बर्थवर काढलेस तर त्याला लागून तीन तासांपर्यंत शेजारच्या सीटवर बसलेलंही दहा तासांच्या विश्रांतीत धरतात. म्हणजे रोज तीन तास शेजारी बसायला मिळतात, सरकारी परवानगीने. तेव्हा चहा होतो, मुलाला फोन होतो, सासूबाईंना व्हिडिओवर रस्ता दाखवतो, त्या आता शेजारणींना बोलावून दाखवतात.

खाण्याचं बरं चाललंय. छोटा फ्रीज आहे, इन्व्हर्टरवर राइस कुकर चालतो, गरम भात, मेतकूट, तूप, वर शेंगदाण्याची चटणी. फोडणी मात्र ट्रकात घालायची नाही, उशीला आठवडाभर हिंगाचा वास येतो. I-४० ला ओक्लाहोमात सेअरजवळ पंजाबी ढाबा आहे, त्या बाजूचा लोड मिळाला की दाल आणि रोटी तिथेच.

आता तुझ्या लेकीचं. कॅनडाचे तास वेगळे, तिकडे दिवसाला १३ तास चालवता येतं, आणि ऑन्टारियोत २०१७ पासून किमान १०३.५ तासांचं ट्रेनिंग सक्तीचं आहे, कमी पैशात पटकन करून देतो म्हणणाऱ्या कुणाच्या नादी लागू नका म्हणावं. पहिल्याच वर्षी कर्ज काढून किंवा कंपनीकडून हप्त्यावर ट्रक अजिबात घ्यायचा नाही, काम असो नसो हप्ता जातोच, आमच्या बॅचमधलं एक जोडपं त्यातच बुडालं. आणि शाळेची फी भरायच्या आधी स्वतःच्या कारने ब्रॅम्पटनहून थंडर बेला जाऊन यावं, एका बाजूने चौदाशे किलोमीटर आहे, रात्रभर आळीपाळीने, एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने खरोखर झोपायचं. झोप लागली तर पुढचं बोलू, तिला माझा नंबर दे, रात्री बारानंतर नको, तेव्हा मी चालवत असते.

बाकी तुझी जाऊ डिसेंबरात येतेय ना, तिच्याबरोबर कांदालसूण मसाला पाठव, अर्धा किलो तरी, पत्ता मुलाच्या हॉस्टेलचा घाल आणि डबल पिशवीत बांध, मागच्या वेळी त्याची सगळी पुस्तकं लाल झाली होती.

तुझी,
नलू